लॉंगवुडची महाकाय वॉटरलिली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर, पेनसिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअर गावाजवळ लॉंगवुड गार्डन्स ही सार्वजनिक बाग आहे. तिथल्या उघड्या हौदांतली परातीसारखी पानं पाहून आलेले लोक फोटो पाठवतात आणि सोबत प्रश्नही. त्यात न्यू जर्सी-डेलावेअरकडे राहणारी मराठी घरं असतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेले आई-वडीलही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पाहायला जाणाऱ्यांचे आहेत, पुढचे लागवडीचे आणि शेवटचे जरा अडचणीचे.

१. हे कमळच ना? फक्त मोठ्या जातीचं?

नाही. कमळाचं पान दांड्यावर पाण्याच्या वर उभं राहतं आणि फुलाच्या मध्यभागी भोकाभोकांचा शंकू असतो. फोटोतली वनस्पती ‘व्हिक्टोरिया’ या प्रजातीतली, म्हणजे वॉटरलिलीच्या कुळातली आहे. आपल्याकडच्या तळ्यांतली कुमुदं याच कुळातली. भारतातला तिचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे मखाणा. उपवासाला आपण ज्याच्या लाह्या खातो, ते बिहारच्या तळ्यांतलं काटेरी झाड. मखाण्याचं पानही मोठं, गोल आणि शिरांवर काटे असलेलं असतं, फक्त त्याला उभा काठ नसतो. कमळ दिसायला जवळचं वाटलं तरी वनस्पतिशास्त्रात ते वॉटरलिलीपासून दूर पडतं. चहाच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक कमळाला जास्त जवळचा आहे.

२. ‘लॉंगवुड हायब्रिड’ म्हणजे नेमकं काय?

दोन रानटी जातींचा संकर. आई व्हिक्टोरिया क्रुझियाना, वडील व्हिक्टोरिया अ‍ॅमेझोनिका. क्रुझियाना दक्षिण अमेरिकेतल्या पाराना-पाराग्वे नद्यांच्या खोऱ्यातली, त्यामुळे थोडं गार पाणी सोसणारी. अ‍ॅमेझोनिका विषुववृत्ताजवळची, तिला पाणी सतत कोमट लागतं. इंग्लंडहून लॉंगवुडला आलेले उद्यानतज्ज्ञ पॅट्रिक नट यांनी हा संकर घडवला आणि १९६१ पासून तो या बागेच्या नावाने ओळखला जातो.

नुसतं आकाराचं कौतुक करून थांबू नये असं आम्हाला वाटतं. या संकराचा खरा गुण असा, की तो वडिलांपेक्षा कमी उष्णतेवर भागवतो आणि दोन्ही पालकांपेक्षा जोमाने वाढतो. पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी उन्हाळा चारच महिन्यांचा. तिथे काचघराबाहेर, उघड्या हौदात एवढं झाड वाढवता येतं ते या जोमामुळे.

३. २०२२ मध्ये बातम्यांत आलेली नवी जात हीच का?

नाही, ती व्हिक्टोरिया बोलिव्हियाना. लंडनच्या क्यू उद्यानातले संशोधक आणि बोलिव्हियातले त्यांचे सहकारी यांनी जुलै २०२२ मध्ये ती तिसरी जात म्हणून जाहीर केली. तिचे वाळवलेले नमुने क्यूच्या संग्रहात १७७ वर्षं पडून होते, दुसऱ्याच जातीच्या नावाखाली. नोंदवलेलं सगळ्यात मोठं पान तिचंच आहे: बोलिव्हियातल्या ला रिंकोनाडा बागेतलं, ३.२ मीटर व्यासाचं. ‘लॉंगवुड हायब्रिड’मध्ये या जातीचा अंश नाही.

४. पान किती मोठं होतं आणि किती दिवसांत?

सगळं जुळून आलं तर संकराचं पान २.४ मीटरपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत जातं. हौदात नेहमी दिसतात ती पाच ते साडेसहा फुटांची. नवं पान पाण्यातून काटेरी मुठीसारखं वर येतं, उलगडतं आणि भर उन्हाळ्यात त्याचा व्यास दिवसाला वीस सेंटिमीटरहूनही जास्त वाढू शकतो. म्हणून सोमवारी पाहिलेला हौद आणि रविवारी पाहिलेला हौद वेगळा दिसतो.

एक पान काही आठवडे टिकतं, मग पिवळं पडून सडायला लागतं. झाडावर एका वेळी साधारण आठ-दहा चांगली पानं असतात. बागेतले कर्मचारी रबरी पोशाख घालून छातीभर पाण्यात उतरतात आणि जुनी पानं कापून बाहेर काढतात. जागा मोकळी केली नाही तर नवं पान जुन्याच्या खाली उलगडतं, चुरगळतं आणि कायमचं वाकडं राहतं.

५. पानाचा काठ वर वळलेला आहे, मग पावसाचं पाणी साचून पान बुडत नाही का?

काठाला समोरासमोर दोन खाचा असतात, बरंचसं पाणी तिथून वाहून जातं. शिवाय पानाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक छिद्रं असतात, उरलेलं त्यातून झिरपतं. काठाचा उपयोग शेजारच्या झाडांना बाजूला सारायला होतो. वाढतं पान काठाने इतरांना ढकलतं आणि उन्हाची जागा मिळवतं.

रोपाच्या पहिल्या पानांना काठ नसतो. मे-जूनच्या फोटोत पानं सपाट दिसली तर झाड वेगळं आहे असं समजू नका. पुढच्या पानांवर काठ हळूहळू उंच होत जातो.

६. पानावर खरंच माणूस बसू शकतो? आमच्या नातीचा फोटो काढता येईल का?

लॉंगवुडच्या हौदात स्वतःहून कुणालाही बसवू नका. ती परवानगी नसते आणि धोका खराच आहे.

आता पहिल्या भागाचं उत्तर. वजन पानभर पसरलं तर मोठं, निरोगी पान लहान मुलाचं वजन सहज पेलतं. पण ‘पसरलं तर’ हे सगळ्यात महत्त्वाचं. अशा जुन्या फोटोंत मुलाच्या खाली प्लायवुडची किंवा तशीच फळी असते, कधी ती कपड्याने झाकलेली असते. फळी नसेल तर टाच सरळ पानातून आरपार जाते, कारण दोन शिरांमधला पडदा अतिशय पातळ असतो. उंचावरून टाकलेली पेन्सिलही त्यातून जाऊ शकते.

ताकद आहे ती खालच्या शिरांमध्ये. मधून निघून फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि आत हवेच्या पोकळ्या. १८४९ मध्ये इंग्लंडात चॅट्सवर्थ या मोठ्या वाड्याच्या बागेत तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी तिथली व्हिक्टोरिया पहिल्यांदा फुलवली आणि आपल्या लहान मुलीला, अ‍ॅनीला, पानावर उभं केलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस ही काचेची प्रचंड इमारत उभारताना त्यांनी या शिरांच्या रचनेचा दाखला दिला होता. एवढा पातळ पडदा एवढं क्षेत्र व्यापतो तो या सांगाड्याच्या जोरावर, आणि तो पाहायचा असेल तर उलटं करून ठेवलेलं कापलेलं पान शोधा. वरून पाहून अर्धीच गोष्ट कळते.

७. खालच्या बाजूला एवढे काटे कशासाठी?

पान खाणाऱ्या माशांपासून आणि इतर जलचरांपासून बचावासाठी, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. देठ, कळी, फळ हे भागही काटेरी असतात. हाताळताना जाड हातमोजे हवेतच, काटा मोडून आत राहिला तर जखम चिघळते.

८. हौदाचं पाणी इतकं काळं का? घाण आहे का?

घाण नाही. पाण्यात झाडांना आणि माशांना अपाय न करणारा काळा रंग मिसळलेला असतो. त्याने तळातल्या कुंड्या दिसत नाहीत, पानांचं आणि आभाळाचं प्रतिबिंब स्वच्छ पडतं आणि उजेड खोलवर न गेल्याने शेवाळ कमी वाढतं. घरच्या हौदात हा उपाय करायचा तर रोप लहान असताना करू नका. तेव्हा पानं पाण्याखाली असतात आणि त्यांनाच उजेड लागतो.

९. फूल पाहायचं तर कधी जावं?

जुलै ते सप्टेंबर हा भर हंगाम. ऑक्टोबरच्या थंडीत झाडं उतरतात आणि हौद रिकामे केले जातात. दिवसातली वेळ महत्त्वाची: फूल संध्याकाळी उघडतं आणि सकाळी ऊन वाढेपर्यंत मिटायला लागतं. भर दुपारी गेलात तर कळ्या किंवा मिटलेली फुलंच दिसतील. बाग उघडल्या उघडल्या पोचणं, किंवा बाग उशिरापर्यंत खुली असते त्या संध्याकाळी जाणं चांगलं. प्रवेशासाठी ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. वारानुसार आणि हंगामानुसार वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी बागेच्या संकेतस्थळावर तपासा.

१०. पहिल्या रात्री पांढरं असलेलं फूल दुसऱ्या रात्री गुलाबी कसं होतं?

एका फुलाचं आयुष्य दोन रात्रींचं. पहिल्या संध्याकाळी ते पांढरं असतं आणि त्या वेळी मादी अवस्थेत असतं, म्हणजे पराग घ्यायला तयार, द्यायला नाही. त्याला अननसासारखा गोड, दाट वास येतो आणि फूल स्वतः तापतं. आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा नऊ-दहा अंशांपर्यंत जास्त नोंदवलेलं आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात या वासाने आणि उबेने भुंगेरे आत येतात, फुलातला पिठूळ भाग खातात आणि सकाळी फूल मिटलं की आत अडकतात.

दिवसभरात फूल नर अवस्थेत जातं, पाकळ्या गुलाबी-लाल होतात. दुसऱ्या संध्याकाळी ते उघडतं तेव्हा परागकोश फुटलेले असतात. बाहेर पडणारा भुंगेरा पराग अंगावर घेऊन जवळच्या पांढऱ्या फुलाकडे जातो. गुलाबी फुलाला तेव्हा वासही उरलेला नसतो. त्यानंतर फूल पाण्याखाली जातं आणि फळ तिथेच वाढतं.

पेनसिल्व्हेनियात हे भुंगेरे नाहीत. म्हणून तिथे त्यांचं काम माणूस करतो (प्रश्न १३).

११. आम्ही सकाळी पाहिलेलं फूल अर्धं पांढरं, अर्धं गुलाबी होतं. हा वेगळा संकर आहे का?

बहुतेक नाही. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी आतल्या पाकळ्यांपासून रंग चढायला लागतो, बाहेरच्या पांढऱ्याच असतात. ढगाळ, गार दिवशी फूल मिटायला उशीर लागतो आणि ही मधली अवस्था जास्त वेळ दिसते. संकर ओळखायचा तर रंगावर जाऊ नका, कळी पाहा (प्रश्न १९).

१२. झाड बहुवर्षायू आहे म्हणतात, मग दरवर्षी नवं का लावतात?

उष्ण प्रदेशात ते एकाहून जास्त हंगाम जगू शकतं. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात ते उघड्यावर टिकणं शक्य नाही आणि एवढं झाड काचघरात हलवणं परवडत नाही. शिवाय कमी उजेडाच्या महिन्यांत जपलेलं जुनं झाड नव्या रोपाच्या जोमाने वाढत नाही. म्हणून जगभरच्या समशीतोष्ण बागा व्हिक्टोरियाला वर्षायूच धरतात. सप्टेंबरमध्ये दिसणारं सगळं हिरवं वैभव त्याच वर्षाच्या सुरुवातीला वाटाण्याएवढ्या बियांत होतं.

१३. संकर प्रत्यक्षात कसा करतात?

यासाठी दोन्ही पालक जाती शुद्ध स्वरूपात वाढवाव्या लागतात. खरी अडचण वेळेची. आईचं, म्हणजे क्रुझियानाचं, फूल पहिल्या रात्रीचं हवं आणि वडिलांचं, म्हणजे अ‍ॅमेझोनिकाचं, दुसऱ्या रात्रीचं. म्हणून वडिलांची कळी एक दिवस आधी उघडायला हवी. दोन्ही झाडांवर रोज फूल नसतं, त्यामुळे हंगामात अशा मोजक्याच संध्याकाळी मिळतात.

संध्याकाळी आईचं पांढरं फूल उघडायला लागलं की मधल्या वाटीसारख्या भागापर्यंत वाट करून घेतात. तिथे अ‍ॅमेझोनिकाच्या गुलाबी फुलातून काढलेले, पराग सोडणारे पुंकेसर आणून ठेवतात किंवा ब्रशने पराग लावतात. व्हिक्टोरिया स्वतःच्या परागानेही फळते, म्हणून आईच्या फुलातले पुंकेसर पक्व होण्याआधी, त्या रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कापून काढायचे. ही पायरी राहिली तर बी येतं, पण त्यातलं काही शुद्ध क्रुझियानाचं निघतं आणि ते पुढच्या वर्षी पानं मोठी झाल्यावरच कळतं. फुलाला तारीख आणि पालकांची नावं लिहिलेली पट्टी बांधतात.

फळ पाण्याखाली पिकायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पिकलं की ते फुटतं आणि बियांभोवतीच्या मऊ आवरणामुळे बी आधी तरंगतं, मग दूर जाऊन बुडतं. फळावर आधीच जाळीची पिशवी चढवली नसेल तर मेहनतीचं बी हौदात पसरतं.

१४. हायब्रिडच्याच फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर?

हायब्रिड ज्वारीचं घरचं बी पेरल्यावर शेतात जे होतं, तेच: पुढची पिढी एकसारखी येत नाही. इथे आणखी एक गोष्ट आहे. अ‍ॅमेझोनिकाची गुणसूत्रं २०, क्रुझियानाची २४. संकरात दोन्हीकडची निम्मी-निम्मी मिळून २२ येतात आणि त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. त्यामुळे बी भरवशाचं नसतं. प्रदर्शनासाठी खात्रीचं रोप हवं असेल तर दरवर्षी मूळ पालकांपासून नवा संकर करण्याला पर्याय नाही.

उलट संकरही करता येतो, आई अ‍ॅमेझोनिका आणि वडील क्रुझियाना. तो ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ओळखला जातो. पालक तेच असले तरी त्याला ‘लॉंगवुड हायब्रिड’ म्हणू नये.

१५. बी साठवायचं आणि रुजवायचं कसं?

वाळलं की मेलं, हा पहिला नियम. फळातून काढल्यावर आवरणाचा गर धुऊन टाका आणि बी स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात ठेवा. संकराचं बी १३ ते १६ अंश सेल्सिअसला चांगलं राहतं. पाणी गढूळ झालं की बदला आणि मऊ पडलेलं किंवा वास मारणारं बी लगेच काढून टाका, नाहीतर ते बाकीचं नासवतं.

रुजवण्याआधी बियाच्या एका टोकाची गोल टिकलीसारखी टोपी बारीक धारदार पात्याने अलगद उचकटायची. अंकुर नेमका तिच्याखाली असतो, म्हणून पातं आत घुसवायचं नाही. मग बी २९ ते ३२ अंशांच्या उथळ पाण्यात, भरपूर उजेडात ठेवा. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. पहिलं पान सुईसारखं, पुढची बाणाच्या टोकासारखी, मग गोल तरंगणारी.

लॉंगवुडसारख्या ठिकाणी हे काम काचघरात हिवाळ्यात सुरू होतं. त्या दिवसांत ऊन कमी, म्हणून दिव्यांनी दिवस १२ ते १४ तासांचा करतात. उजेड कमी पडला तर रोप वाढायचं थांबतं, छोटा गड्डा धरून बसतं आणि मग त्याला पुन्हा हलवणं अवघड असतं.

१६. रोपापासून मोठ्या झाडापर्यंत कुंड्या कशा बदलतात?

सुईच्या पानानंतर पुढची एक-दोन पानं आली की १० सेंटिमीटरच्या कुंडीत, मग १५, मग २५-३०, आणि शेवटी किमान २०० लिटर माती मावेल अशा, सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल पात्रात. मुळं कुंडीच्या कडेला पोचली की लगेच बदला. मुळं गोल फिरायला लागेपर्यंत थांबलात तर पानांचा आकार एकदा घटतो आणि तो भरून यायला आठवडे जातात. बदलताना मातीचा गोळा फुटता कामा नये.

रोपाच्या गड्ड्यावर सुरुवातीला ५ ते ८ सेंटिमीटर पाणी पुरे. वाढेल तसं ते १५ वर आणि शेवटच्या जागी ३० ते ४५ वर न्यायचं. वाढीचा कोंब मातीखाली गाडू नका. उघड्या हौदात नेण्याआधी पाणी रात्रीसुद्धा २४-२५ अंशांच्या खाली जात नाही याची खात्री करा. लॉंगवुडच्या हौदांचं पाणी त्यासाठी तापवलं जातं. हवेचं तापमान पाहून घाई करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक, कारण मे महिन्यात हवा गरम झाली तरी हौदाचं पाणी मागेच असतं.

माती जड हवी: चिकणमातीचा अंश असलेला पोयटा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, भुसा यांतलं काहीही नको, ते तरंगतं किंवा सडतं.

१७. खत कोणतं आणि किती?

हे झाड अतिशय खादाड आहे. वॉटरलिलीसाठी मिळणाऱ्या दाबलेल्या खताच्या गोळ्या मातीत खोल खुपसतात. सर्वसाधारण मोजमाप असं: चार लिटर मातीला महिन्याला एक १० ग्रॅमची गोळी. म्हणजे २०० लिटरच्या पात्राला महिन्याला ५०, आणि त्या एकदम न देता दर पंधरवड्याला २५. रोपाला १५ सेंटिमीटरच्या कुंडीत पाव गोळी पुरते. गोळी गड्ड्यापासून किमान हातभर, लहान कुंडीत अगदी कडेला. पाण्यात खत विरघळू दिलंत तर ते शेवाळाला मिळतं.

भूक लागलेलं झाड लगेच दिसतं: नवं पान आधीच्या पानापेक्षा लहान येतं आणि शिरांमधला भाग पिवळट पडतो.

१८. काय काय बिघडतं?

रोपाच्या वयात सगळ्यात मोठा शत्रू तंतुमय शेवाळ. ते कोवळ्या पानांना गुंडाळतं आणि पान उलगडूच देत नाही. रोज हाताने, मऊ ब्रशने काढावं लागतं. तांबं असलेली शेवाळनाशकं रोपांच्या टाकीत टाकू नका.

गड्डा सडणं हे दुसरं. कारणं जवळजवळ नेहमी दोनच असतात, गार पाणी किंवा कच्चं शेणखत. मधला भाग मऊ, दुर्गंधी आणि पानं देठापासून सहज सुटणारी अशी लक्षणं दिसली की ते झाड वाचत नाही.

मावा पानाच्या वरच्या बाजूला आणि कळ्यांवर जमतो. पाण्याच्या फवाऱ्याने तो पाण्यात ढकलला की मासे खातात. कीटकनाशक फवारायचं म्हटलं तर मासे मरतात. पान कापून त्याच्याच तुकड्याची घरटी करणाऱ्या अळ्यांसाठी तरंगणारे कापलेले तुकडे रोज गोळा करणं हाच चांगला उपाय. गोगलगाई रोपांच्या टाकीत येऊच देऊ नयेत.

पानाला भोकं दिसली म्हणजे कीडच असं नाही. उन्हासमोर धरल्यावर दिसणारी, सगळीकडे सारखी पसरलेली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं ही नैसर्गिक निचऱ्याची (प्रश्न ५). कीड लागली असेल तर भोकं वेडीवाकडी, लहानमोठी आणि एका बाजूला जास्त असतात.

कारंजं किंवा पंपाची धार पानांवर पडत असेल तर तीही बंद करा. या झाडाला संथ पाणी लागतं.

१९. पाटी नसेल तर संकर आणि पालक वेगळे कसे ओळखायचे?

कळीची बाहेरची दलं पाहा. अ‍ॅमेझोनिकाच्या दलांवर काटे टोकापर्यंत असतात. क्रुझियानाची दलं बहुतांशी गुळगुळीत, काटे असलेच तर तळाशी. संकरात काटे तळापासून अर्ध्यामुर्ध्या भागापर्यंत येतात. दुसरी खूण काठाची: अ‍ॅमेझोनिकाचा काठ बुटका, क्रुझियानाचा उंच, आणि संकराला आईची उंची आणि बाहेरून वडिलांकडची लाली मिळते. लहान रोपांवर यातलं काहीच भरवशाने सांगता येत नाही.

२०. महाराष्ट्रात लावता येईल का?

उष्णतेचा प्रश्न कोकणात कमी आहे, देशावर हिवाळ्याचा आहे. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. हौदाचं पाणी २० च्या खाली गेलं की वाढ थांबते. जानेवारी-फेब्रुवारीत घरात तापवलेल्या पाण्यात रोपं करून मार्चअखेर बाहेर काढली तर उन्हाळ्याचा पूर्ण फायदा मिळतो. कोकणात पावसाळ्याचे ढगाळ महिने वाढ मंदावतात, त्याची तयारी ठेवा.

जागेचा हिशेब आधी करा. एका झाडाला साधारण सहा बाय सहा मीटर पाणी, पाऊण ते एक मीटर खोल, दिवसभर ऊन. गच्चीवरच्या टबात हे झाड होत नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडा, ते झाडाला त्रास देत नाहीत. गवत्या मासा मात्र चुकूनही नको, तो कोवळी पानं फस्त करतो. बोअरचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा.

एवढी जागा नसेल तर मखाणा किंवा कुमुदाच्या मोठ्या जाती लावाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. अपुऱ्या हौदात दोन फुटांची पानं धरणारी व्हिक्टोरिया पाहण्यात आनंद नाही.

२१. अमेरिकेला जाणं शक्य नाही. व्हिक्टोरिया जवळ कुठे पाहता येईल?

हावड्याला शिबपूर इथल्या आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यानात तिचा जुना, प्रसिद्ध तलाव आहे. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना तर सांगायला नको: पांप्लमूसच्या बागेतला अ‍ॅमेझोनिकाचा लांबट तलाव ही त्या बेटाची ओळखच आहे. लंडनला क्यू उद्यानात १८५२ चं वॉटरलिली हाऊस खास या झाडासाठी बांधलं गेलं. पांप्लमूसला दिसते ती रानटी जात आहे, लॉंगवुडचा संकर नाही.

२२. मुलगा अमेरिकेहून येताना बी घेऊन येईल, चालेल का? आणि ऑनलाइन मिळतं ते?

बॅगेत घालून आणू नका. परदेशातून बियाणं भारतात आणायला वनस्पती विलग्नवास (प्लांट क्वारंटाइन) आदेश २००३ नुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बागेतल्या हौदातलं फळ किंवा बी उचलणं तर कुठल्याच परिस्थितीत नको, ते पुढच्या वर्षीचं पीक असतं.

ऑनलाइन कोरड्या पाकिटात मिळणारं ‘महाकाय कमळाचं बी’ घेऊ नका. निळ्या-जांभळ्या पानांचे फोटो लावून विकतात ते तर निव्वळ बनावट, व्हिक्टोरियाच्या कुठल्याही जातीला तशी पानं येत नाहीत. खरं बी पाण्यात बुडवूनच येतं. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: बी कोणत्या पाण्यात साठवलं, फळ कधी काढलं, आणि आई-वडील कोणत्या जातीचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘हायब्रिड’ असं आलं तर प्रश्न १४ पुन्हा वाचा आणि पैसे देऊ नका.